केंजळे सरांच्या जीपचा टॅपेट

"ऐक," केंजळे सर म्हणाले.

मी ऐकलं. जीप गॅरेजच्या दारात उभी होती, बॉनेट उघडं होतं आणि इंजिन अगदी सुरात चाललं होतं. वाजत काहीच नव्हतं.

"सर, काही नाही."

"आत्ता नाही. सकाळी असतं. पहिल्यांदा सुरू केली की वरच्या बाजूनं टक टक टक टक. मिनिटभर. मग जातं."

"मिनिटभरात जातं ना? मग जाऊ द्या की."

सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. पाचगणीच्या एका मोठ्या निवासी शाळेत त्यांनी एकतीस वर्षं पी.टी. शिकवली होती. मी काही त्यांचा विद्यार्थी नव्हे, मी नगरपालिकेच्या शाळेतला. पण सर बाजारातून चालत निघाले की भाजीवालेसुद्धा पाठ ताठ करून बसायचे. मला ते 'फरांदे' म्हणायचे, हजेरी घेतल्यासारखं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. एस.टी. स्टँडच्या मागं गॅरेज टाकून दोन वर्षं झाली होती आणि आपल्यासारखा कान सातारा जिल्ह्यात नाही असा माझा समज होता. तो समज त्या आठवड्यात सरांनी पार धुऊन काढला, कारण त्याच एका आवाजासाठी ते तिसऱ्यांदा आले होते.

पहिल्या खेपेला मी ऑइल बदललं होतं. जानेवारी महिना, पाचगणीची थंडी. रात्रभरात ऑइल सगळं तळाला जाऊन बसतं आणि घट्ट होतं. सकाळी ते वर चढेपर्यंत वरचं लोखंड कोरडंच हलतं, म्हणून वाजतं. पातळ ऑइल घातलं की बऱ्याचदा भागतं. सरांचं भागलं नाही. दुसऱ्या खेपेला फिल्टर बदलला. ते परत आले. आणि प्रत्येक वेळी गोडवलीतल्या घरून गाडी चालवत यायचे, म्हणजे इथं पोचेपर्यंत इंजिन गरम आणि आवाज गायब. डॉक्टरच्या दारात पोचलं की पोराचं पोट दुखायचं थांबतं ना, तसला प्रकार.

"टॅपेटचाच असणार," मी म्हटलं. "व्हॉल्व्ह दाबणारी जी दांडी असते, तिच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. झिजून झिजून ती वाढलीय. थंड असताना वाजते, लोखंड तापून फुगलं की भरून निघते."

"मग आवळून टाक."

"आवळतो की. आत्ता आवळला तर उद्या आवाज बंद. पण फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटणार नाही, आणि जळेल. मग पसरणीच्या घाटात गाडी दम सोडेल. वाजणारा टॅपेट परवडतो सर, गप्प बसलेला परवडत नाही."

हे वाक्य माझ्या उस्तादांचं. मी ते गिऱ्हाइकांवर बिनदिक्कत खपवायचो.

सर एकदम गंभीर झाले. "घाटात दगा द्यायला नको," ते म्हणाले. "ऐन वेळेला तर नकोच."

"मग गाडी आज रात्री इथं ठेवून जा. सेटिंग थंड इंजिनवरच होतं. सकाळी मी पहिला आवाज ऐकतो, फट बसवतो, दहा वाजता घेऊन जा."

"रात्री गाडी सोडता येणार नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही, फरांदे."

आता माझंही डोकं फिरलं. तीनदा यायचं, गाडी बरी कर म्हणायचं आणि गाडी सोडायची नाही. मी म्हटलं, "मग मीच येतो तुमच्याकडं. उद्या सकाळी. मी आल्याशिवाय किल्ली लावायची नाही."

सर जरा गडबडले. त्यांना गडबडलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. टेबललँडच्या पठाराकडं तोंड करून ते म्हणाले, "साडेसहा. उशीर नको."

दुसऱ्या दिवशी मी सव्वासहालाच गोडवलीत पोचलो. फटफटत होतं. सरांचं घर म्हणजे निवृत्तीनंतर बांधलेल्या तीन खोल्या, पुढं छोटं अंगण आणि कमरेएवढा दगडी गडगा. जीप फाटकाच्या बाहेर होती, तोंड रस्त्याकडं. जुनी पेट्रोल जीप, वर कापडी टप. टपाच्या प्लॅस्टिकच्या खिडक्यांना आतून वाफ धरली होती. मला वाटलं, आत कुणी चोर-बीर झोपलाय की काय. मी कापड बाजूला सारलं, तर माकडटोपी आणि दोन घोंगड्यांतून केंजळे सर उठून बसत होते.

"सव्वासहा झालेत," ते म्हणाले. "साडेसहा म्हटलं होतं."

तेवढ्यात गडग्यापाशी काकू आल्या. शालनकाकूंना मी बाजारात बघितलेलं होतं, बारीक चणीच्या, भराभर चालणाऱ्या. त्यांनी चहाचा पेला गडग्यावर ठेवला. सरांनी जीपमधून उतरून तो उचलला. एक शब्द नाही. मग मला बघून काकू म्हणाल्या, "तू होय रे सोपान? थांब, तुलाही आणते."

चहा झाल्यावर सरांनी किल्ली लावली. आणि खरंच, पहिल्या फेरीपासून आवाज. टक टक टक टक, वरून, अगदी मोकळा. मी घड्याळात बघितलं. पन्नास सेकंद. मग तो विरत विरत गेला.

"आलं ऐकू?" सरांनी विचारलं. एवढं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खोटे ठरत होते ना बिचारे तीन खेपा.

"टॅपेटच. सर, उद्या याच वेळी येतो, अवजारं घेऊन. आता इंजिन गरम झालं, आता नाही जमायचं."

सर तोंड धुवायला नळाकडं गेले. तो नळही अंगणाबाहेर, रस्त्याच्या कडेला. मला राहवलं नाही. मी गडग्याजवळ जाऊन काकूंना हळूच विचारलं, "सर बाहेर का झोपतात?"

काकूंनी पहिल्यांदा ठरलेलं उत्तर दिलं. "बॅटऱ्या चोरीला जातात म्हणे हल्ली." मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि स्वतःच हसल्या. "तुला खोटं सांगून काय करू, रोज येणार तू. वैजू आलीय. पहिलं बाळंतपण, माहेरीच करायचं असतं ना."

वैजू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, वैजयंता. दोन वर्षांपूर्वी तिनं रजिस्टर लग्न केलं होतं, हे अख्ख्या पाचगणीला ठाऊक होतं. मुलगा सरांच्याच शाळेतल्या आचाऱ्याचा. बँकेत नोकरी, निर्व्यसनी, नाव ठेवायला जागा नाही. पण तिनं आपल्याला विचारलं नाही, हे सरांच्या जिव्हारी लागलं. ज्या माणसानं शिट्टी मारल्याशिवाय तीनशे पोरं पाय हलवत नव्हती, त्याच्या घरातली पोर न सांगता निघून गेली होती.

"तेव्हा म्हणाले होते," काकू सांगत होत्या, "ती या उंबऱ्याच्या आत आली, तर मी बाहेर. आणि यांचा शब्द म्हणजे तुला माहितीये. तीन आठवड्यांपूर्वी वैजू रिक्षातून उतरली, ही आत आली आणि हे घोंगडी उचलून बाहेर. आंघोळ शाळेच्या जिमखान्यात, जेवण गडग्यावर, झोप गाडीत. पोर खिडकीतून बघत बसते. बाप दहा हातांवर, आणि बोलणं नाही."

"मग गाडीच्या आवाजाचं काय घेऊन बसलेत?"

"तिच्यासाठीच की. दिवस भरत आलेत तिचे. वाईला दवाखान्यात न्यायचं, घाट उतरायचा. गाडी बिघडली तर काय करायचं, ही एकच काळजी. रात्रीतून दोनदा उठून बॉनेट उघडून बघतात." काकूंनी गडग्यावरचे रिकामे पेले उचलले. "गाडी तिच्यासाठी तयार ठेवतील. स्वतः तयार होणार नाहीत."

खरं सांगू, मला सरांची कीव वगैरे आली नाही. मला राग आला. बाहेर तीन-चार डिग्री थंडी, आत पोर जड अंगानं बसलेली, आणि हा माणूस माझ्या गॅरेजला खेपा घालतो टॅपेट वाजतोय म्हणून.

जाता जाता काकूंनी विचारलं, "उद्या किती वेळ लागेल रे?"

"तासभर धरा. इंजिन उघडल्यावर गाडी जागची हलणार नाही. म्हटलं, आधीच सांगून ठेवावं, कारण वैजूताईंचं—"

"अजून वेळ आहे तिला," काकू म्हणाल्या. "कर तू."

दुसऱ्या दिवशी मी बरोबर साडेसहाला हजर झालो. सर तयारच होते, हातात इंजिन फिरवायचं हँडल. जुन्या जीपला पुढच्या बाजूनं हँडल घालून इंजिन हातानं फिरवता यायचं, आणि टॅपेट बसवायला ते लागतंच. एकानं हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं बघायचं. हँडल हलकं फिरावं म्हणून मी आधी चारी प्लग काढले. मग वरचं झाकण काढून गडग्यावर ठेवलं. खाली आठ व्हॉल्व्हची रांग, दांड्या, नट.

"सर, हे नऊच्या बेरजेचं काम आहे," मी म्हटलं. "आठवा पूर्ण दाबलेला असला की पहिला बसवायचा. सातवा दाबलेला असला की दुसरा. दोघांची बेरीज नऊ झाली पाहिजे."

"समजलं," सर म्हणाले, आणि त्यांनी हँडल असं फिरवलं की जणू सव्वीस जानेवारीची परेड आहे.

इथं मी एक शहाणपणा केला. माझे उस्ताद सांगायचे, एका वेळी एकच नट सैल करायचा, तो बसवायचा, आवळायचा, मगच पुढचा. मी वेळ वाचवायला आठही नट एकदमच सैल करून टाकले. रोज तसंच करायचो. कधी अडलं नव्हतं. पहिला बसवला, दुसरा बसवला, फट मोजायची बारा थाउची पातळ पट्टी फटीतून नेमकी अडत अडत निघाली की नट आवळायचा. तिसऱ्याला हात घातला तेवढ्यात काकू दारात आल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांत त्या सरांशी पहिल्यांदा बोलत होत्या, निदान माझ्यासमोर तरी. "वैजूला कळा सुरू झाल्यात."

सरांच्या हातातलं हँडल थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "फरांदे. झाकण लाव."

"सर, नाही लावता येत. सहा नट सैल आहेत. असंच सुरू केलं तर दांड्या निखळून पडतील."

"सगळे का सैल केलेस?"

मी पाना उचलला आणि म्हटलं, "अर्धा तास द्या."

"पंधरा मिनिटं," सर म्हणाले, आणि परत हँडलवर वाकले. काकू अंगण ओलांडून, फाटकातून बाहेर आल्या, पदर कमरेला खोचला, आणि सरांच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "सोडा. मी फिरवते. तुम्ही आत जा तिच्याजवळ."

"तू जा. मी फिरवतो."

"रात्रभर मीच बसले होते. आता माझी कंबर धरलीय."

कंबर धरलेली बाई हँडल कसं फिरवणार, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण माझं सगळं ध्यान त्या सहा नटांवर.

"शेजारच्या जाधवबाईंना हाक मार," सर म्हणाले.

"त्या साताऱ्याला गेल्यात."

"शालन, मी सांगितलं होतं की—"

"तुमचा शब्द मला पाठ आहे," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द सुटा. "ती आत आली तर तुम्ही बाहेर. राहिलात ना बाहेर? एकवीस दिवस राहिलात. पाळून झाला शब्द. पोर आत एकटी आहे, आणि कुणीतरी तिचा हात धरायला पाहिजे. मी इथं हँडल धरते किंवा तुम्ही धरा, पण मी आत गेले तर हे काम अर्धवट राहणार, तुमच्या हाताला बघा कंप सुटलाय."

सर उभेच. मी मान खाली घालून नट चाचपत होतो. कुणाच्या घरातलं असलं काही बघताना माणसाला वाटतं आपण पेटीतल्या पान्यासारखं गपगार पडून राहावं.

मग सर निघाले. फाटक, अंगण, पायऱ्या. दारात त्यांनी बूट काढले आणि जोड सरळ लावून ठेवला, टाचा भिंतीला. एवढ्या घाईतही. उंबऱ्यापाशी ते थांबले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. काकूंनी हँडल घट्ट धरलं होतं आणि ओठ मिटले होते. सरांनी चौकटीला हात लावला आणि आत गेले.

"फिरव म्हण रे," काकू म्हणाल्या. "बघत काय बसलास?"

"फिरवा काकू. हळू. अजून. थोडंसं, थांबा. बस."

तिसरा. चौथा. त्या बाईंना नऊची बेरीज मी दोनदाच सांगितली. तिसऱ्यांदा त्याच म्हणाल्या, "आता चौथा दबला, म्हणजे पाचवा, होय ना?" कपाळावर घाम, तोंडातून वाफ, हँडल फिरवतायत आणि दर फेरीला नजर दाराकडं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. ना कण्हणं, ना बोलणं. मला वाटलं, बापलेक अजून एकमेकांसमोर दगडासारखे बसले असतील. मला भीती होती ती वेगळीच. माझ्या आळसापायी गाडी उशिरा निघाली आणि घाटात काही झालं तर? मी मनात नाही नाही ते नवस बोललो. बोटं गारठलेली, पट्टी हातातून दोनदा खाली पडली.

आठवा नट आवळला तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. झाकण, प्लग, वायरी. किल्ली मीच लावली. आवाज पहिल्यापेक्षा कमी होता, पण होता. घाईत एखाद-दुसरी फट सैल राहिली असणार. माझी मान खाली गेली.

सर वैजूला घेऊन बाहेर आले. एक हात तिच्या पाठीशी, दुसऱ्या हातात तिची पिशवी. त्यांची माकडटोपी तिच्या डोक्यावर होती. वैजूचं तोंड रडून रडून सुजलं होतं. सरांचं तोंड कसं होतं ते मी बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही. इंजिन टक टक करत होतं आणि ज्या माणसानं त्या आवाजापायी माझा जीव खाल्ला होता, तो शेजारून गेला आणि त्यानं तिकडं लक्षसुद्धा दिलं नाही.

"घाट सावकाश उतरू," एवढंच ते म्हणाले. काकू मागं लेकीजवळ बसल्या. जीप गेली.

दुपारी ते तिघंही परत आले. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, कधी कधी होतं असं. त्या रात्री सर घरात झोपले. बारा दिवसांनी वैजूला मुलगी झाली, वाईलाच, भर दुपारी.

बारशाच्या घुगऱ्या द्यायला काकू स्वतः गॅरेजवर आल्या. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सोपान, तुला एक सांगायचंय. पण यांना कळता कामा नये. माझी शपथ आहे."

"सांगा की."

"त्या दिवशी कळा-बिळा काही नव्हत्या."

मी घुगऱ्यांचा डबा हातात धरून बघतच राहिलो.

"खिडकीतून बघत होते मी," काकू म्हणाल्या. "तू झाकण काढून गडग्यावर ठेवलंस, आणि माझ्या डोक्यात आलं. बाकी कुठल्याही दिवशी म्हटलं असतं ना, कळा येतायत, तर यांनी काय केलं असतं? गाडी सुरू करून फाटकात लावली असती आणि हॉर्न दिला असता. पोरीला मीच धरून आणली असती. हे गाडीतून उतरलेसुद्धा नसते. गाडी होती ना यांना लपायला. त्या दिवशी गाडीच उघडी पडली होती."

"आणि वैजूताईंना ठाऊक होतं?"

"तिला सांगायला वेळ कुठं होता? मी तशीच बाहेर आले. सगळा वेळ माझा जीव टांगणीला, आत गेल्यावर ती काय बोलेल म्हणून. पण पोर हुशार निघाली. कसं निभावलं तिचं तिलाच ठाऊक, मी विचारलं नाही. झालं ते चांगलं झालं, त्याला कशाला उकरायचं." त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "पाप लागेल का रे? लेकीच्या बाळंतपणाचं खोटं बोलले."

मी म्हटलं, "पाप लागलंच तर माझ्या खात्यावर टाका. सगळे नट मी सैल केले होते."

तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

ही गोष्ट मी अकरा वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. सरांची जीप वर्षातून दोनदा यायची, थंड असताना थोडी वाजायची, आणि सर कधी चकार शब्द काढायचे नाहीत. नात शाळेच्या सुट्टीत यायची, तिला पुढं बसवून ते पाचगणीभर फिरवायचे. जावई आला की त्याच्याशी बुद्धिबळ. हरले की दोन दिवस बोलायचे नाहीत, पण ते त्यांचं सगळ्यांशीच तसं होतं.

मग काकू गेल्या. साधा ताप आला आणि चार दिवसांत गेल्या. सहा महिन्यांनी, असाच जानेवारी, सर गॅरेजवर आले. गाडीचं काही काम नव्हतं. नुसते येऊन काकूंच्या त्याच स्टुलावर बसले. एकाहत्तर-बहात्तरचे झाले होते, पाठ तशीच ताठ, पण कॉलर गळ्याला सैल झालेली. मी चहा मागवला. त्यांनी अर्धा ग्लास संपवला. मग म्हणाले, "घरात फार शांतता असते रे."

मला वाटलं, आता सांगावं. शपथ घालणारं माणूस गेलं, आणि या माणसाला निदान एवढं तरी कळावं की त्याच्या बायकोनं त्याच्यासाठी काय केलं होतं. मी म्हटलं, "सर, रागावू नका. अकरा वर्षं पोटात ठेवलंय. त्या सकाळी वैजूताईंना कळा येत नव्हत्या. काकूंनी खोटं सांगितलं होतं. तुम्ही आत जावं म्हणून."

सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मला वाटलं आता हजेरी घेतील.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"बारशाच्या वेळी. त्यांनीच सांगितलं."

"म्हणजे माझ्यानंतर," सर म्हणाले.

"म्हणजे? तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"शालनला नाही कळू दिलं मी. शेवटपर्यंत नाही. साठीला आलेली बाई, त्या थंडीत उभी राहून इंजिन फिरवत होती माझ्यासाठी. तिला काय सांगू, उगीच फिरवलंस म्हणून?" त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. "डॉक्टरनं पण ओळखलं होतं. मी त्याला डोळ्यानं खुणावलं. मग तो म्हणाला, होतं कधी कधी असं."

"पण तुम्हाला कळलं कसं? आत गेल्या गेल्या?"

"गेल्या गेल्या. मी दारात उभा, आणि वैजू पलंगावर मांडी ठोकून पोहे खात होती. मला बघून तिचा घास तसाच तोंडात राहिला. दोन वर्षांनी समोरासमोर येत होतो आम्ही. मी विचारलं, कळा येतायत ना? तिनं माझ्याकडं बघितलं. मग खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर तिची आई हँडल फिरवत होती. मग म्हणाली, हो आप्पा, येतायत. आणि रडायला लागली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार?" सर म्हणाले. "तिच्याजवळ बसलो. म्हटलं, खा आधी. वाई लांब आहे."